विश्लेषण : वकिलाला मालक नसतो, मग छळाची तक्रार कुणाकडे करायची?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरोधातील कायदा, म्हणजेच ‘पॉश’ कायदा, बार कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या महिला वकिलांच्या सहवकिलांविरुद्धच्या तक्रारींना लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने ७ जुलै २०२५ रोजी दिला. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीसारख्या तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या तरुणीसाठी या निकालाचा अर्थ काय? वकील संघटनांची जबाबदारी त्यामुळे संपते की वाढते?

उच्च न्यायालयाचा निकाल काय?

‘यूएनएस विमेन लीगल असोसिएशन’ या संस्थेने जनहित याचिका दाखल केली होती. बार कौन्सिल ऑफ इंडिया आणि बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांनी महिला वकिलांच्या तक्रारींसाठी कायमस्वरूपी तक्रार निवारण यंत्रणा उभारावी, ही त्यातील मुख्य मागणी. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठाने ही मागणी मान्य केली नाही. पॉश कायद्यातील अंतर्गत समिती ही मालक आणि कर्मचारी यांच्या नात्यावर उभी आहे. बार कौन्सिल वकिलांना सनद देते, पगार देत नाही. ती वकिलांची मालक नाही. त्यामुळे एका वकिलाने दुसऱ्या वकिलाविरुद्ध केलेल्या तक्रारीसाठी कौन्सिलने या कायद्याखाली समिती नेमण्याचे बंधन नाही, असे न्यायालयाने म्हटले. महिला वकिलांना वकील कायदा, १९६१ मधील कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार करता येते, याकडेही खंडपीठाने लक्ष वेधले. हा वाद आता सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आहे.

कायद्यात ‘मालक’ एवढा महत्त्वाचा का?

पॉश कायद्याची व्याख्या वाचली तर ती बरीच सैल वाटते. तक्रारदार महिला ‘नोकरीत असो वा नसो’, तिला संरक्षण आहे. कामाच्या ठिकाणात व्यावसायिक सेवा देणारी आस्थापनेही मोडतात. कर्मचारी या शब्दात रोजंदार, प्रशिक्षणार्थी, उमेदवारी करणारे, मोबदला घेणारे आणि न घेणारेही येतात. पण व्याख्या कितीही सैल असली तरी यंत्रणा मात्र मालकाच्या खांद्यावर आहे. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमायची मालकाने, तिच्या शिफारशीवर कारवाई करायची मालकाने आणि समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंतचा दंडही मालकालाच. जिथे मालकच नाही तिथे ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

हा प्रश्न फक्त वकिलांचा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राजकीय पक्षांना या कायद्याच्या कक्षेत आणण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हाही पक्ष सदस्य होणे म्हणजे नोकरी करणे नव्हे, याच कारणाने ती टिकली नाही. डॉक्टर, वास्तुविशारद, सनदी लेखापाल, कलाकार, मुक्त पत्रकार अशा अनेकांचे काम एका मालकाकडे नसते. त्यांना जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे व्यावसायिक संघटना किंवा परिषद.

वकिलीत ही अडचण अधिक टोकदार होते. नवी सनद घेतलेली मुलगी एखाद्या सिनिअरच्या कार्यालयात बसते. तिथे नेमणूकपत्र नसते, हजेरी नसते, बऱ्याचदा ठरलेला पगारही नसतो. काम शिकायचे, तारखा घ्यायच्या, पक्षकारांशी बोलायचे ते सिनिअरच्या नावावर. पुढे स्वतःचे पक्षकार मिळणार तेही बहुतेक त्याच्याच ओळखीतून. कागदावर हे नाते बरोबरीच्या दोन सनदधारकांचे आहे. व्यवहारात ते बरोबरीचे नसते.

कलम ३५ पुरेसे आहे का?

कलम ३५ कमकुवत आहे असे म्हणता येणार नाही. ‘व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन’ असे त्याचे शब्द आहेत, त्यामुळे लैंगिक छळ त्यात बसू शकतो. राज्य बार कौन्सिलची शिस्तपालन समिती समज देऊ शकते, सनद काही काळ निलंबित करू शकते आणि नाव कायमचे काढूनही टाकू शकते. त्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील आहे. पॉश समितीला शिफारस करता येते. सनद काढून घेण्याचा अधिकार मात्र शिस्तपालन समितीकडेच आहे.

प्रश्न शिक्षेचा नाही, तिथपर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा आहे. पॉश समितीची अध्यक्ष महिला असते, निम्म्याहून कमी महिला सदस्य चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा लागतो. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. चौकशी सुरू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा असा तात्पुरता दिलासा मागता येतो. तक्रारदाराची ओळख जाहीर करण्यास मनाई आहे. शिस्तपालन समिती तीन जणांची असते. त्यातले दोघे कौन्सिलचेच सदस्य असतात. त्यात महिला असावी असे बंधन नाही. निकालासाठी एक वर्षाची मुदत आहे. त्या वर्षात तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो वकील एकाच न्यायालयात, एकाच बार रूममध्ये रोज समोरासमोर येत राहतात.

फौजदारी मार्ग अर्थातच खुला आहे. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळासाठी कलम ७५ आणि पाठलागासाठी कलम ७८ आहे. पण प्रत्येक तक्रार पोलीस ठाण्यात नेण्याजोगी असते असे नाही, आणि प्रत्येक तक्रारदाराला तसे करायचेही नसते. अशोभनीय शेरे, नको असलेले संदेश, रात्री उशिरा ‘फाइल घेऊन ये’ असे निरोप यांना वेळीच थांबवणारी यंत्रणा ही पोलीस ठाण्याच्या आधीची पायरी आहे. ती पायरीच वकिलीत गायब आहे.

संघटनांवर जबाबदारी आधीपासूनच होती का?

होती, आणि त्यामागे एक मराठी नाव आहे. भंवरीदेवी प्रकरणातून १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे दिली. ती कागदावरच राहत असल्याचे पुण्यातील ‘आलोचना’ संस्थेच्या डॉ. मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयाला पत्र लिहून कळवले. त्या पत्राची याचिका झाली. १९ ऑक्टोबर २०१२ च्या निकालात न्यायालयाने व्यावसायिक परिषदांना थेट आदेश दिला. देशातील सर्व बार असोसिएशन आणि राज्य बार कौन्सिलकडे नोंद असलेल्या व्यक्ती विशाखा तत्त्वे पाळतील, याची काळजी बार कौन्सिल ऑफ इंडियाने घ्यावी, असे त्यात म्हटले होते. वैद्यक परिषद, वास्तुशास्त्र परिषद, सनदी लेखापाल आणि कंपनी सचिवांच्या संस्थांनाही हीच जबाबदारी देण्यात आली. दोन महिन्यांत परिपत्रके काढायची होती. म्हणजे ‘मालक नाही’ ही अडचण न्यायालयाला तेव्हाही दिसत होती आणि तिच्यावर उपाय म्हणून त्याने संघटनेकडेच बोट दाखवले होते.

पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला. ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. विशाखा तत्त्वे कायदा येईपर्यंतच होती, त्यामुळे आता सगळे कायद्यातच सामावले, असा एक युक्तिवाद केला जातो. मात्र ज्या क्षेत्रात कायदा पोहोचत नाही असे न्यायालयच सांगते, तिथे २०१२ च्या आदेशाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. १२ मे २०२३ रोजी गोवा विद्यापीठाशी संबंधित ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समित्यांची पडताळणी करण्याचे आदेश दिले. त्या यादीतही डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, लेखापाल, अभियंते यांच्या राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरील परिषदांचा स्पष्ट उल्लेख आहे.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या घरासाठी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. २०१३ मध्ये त्याने आपल्या परिसरासाठी स्वतंत्र विनियम केले. तिथे कसोटी ‘मालक कोण’ ही नाही, ‘घटना कुठे घडली’ ही आहे. न्यायालयाच्या आवारात छळ झाला तर वकील, पक्षकार, प्रशिक्षणार्थी अशी कोणतीही महिला तक्रार करू शकते. तिथल्या कर्मचारी महिलांसाठी सेवानियम वेगळे आहेत. दिल्लीच्या टिळक मार्गावर जे शक्य झाले ते जिल्हा आणि तालुका न्यायालयात का नाही, याचे उत्तर कायद्याच्या अडचणीपेक्षा इच्छाशक्तीत शोधावे लागते.

राधानगरीच्या वकील तरुणीने आज जायचे कुठे?

राधानगरी कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर. इथे दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. अशा ठिकाणी वकील संघटना लहान असते. सगळे एकमेकांना ओळखतात; अनेकांची गावे, पाहुणे, पक्षकारही एकच असतात. तक्रार केली तर संध्याकाळपर्यंत ती गावात पोहोचते. म्हणून तालुक्याच्या बारने स्वतःची तीन-चार जणांची समिती नेमली तरी ती निष्पक्ष आणि गोपनीय राहील, अशी खात्री देता येत नाही.

पॉश कायद्यात यासाठी एक दार आहे, पण ते फारसे माहीत नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्यात स्थानिक समिती असते. ग्रामीण भागात प्रत्येक तालुक्यासाठी एक नोडल अधिकारी नेमायचा असतो. त्याने तक्रार सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची. सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्व राज्यांना जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या आणि तालुका पातळीवरील नोडल अधिकारी नेमण्यासाठी मुदती घालून दिल्या. स्थानिक समित्यांसाठीची मुदत ३१ जानेवारी २०२५ होती.

सिनिअरच्या कार्यालयात काम करणारी ज्युनिअर या समितीकडे जाऊ शकते का? ‘कर्मचारी’ या शब्दात मोबदल्याशिवाय काम करणारे आणि प्रशिक्षणार्थी येतात, तसेच कार्यालय चालवणारी, त्यावर देखरेख ठेवणारी व्यक्ती ‘मालक’ ठरते. हे पाहता तसा युक्तिवाद करता येतो. उच्च न्यायालयापुढचा मुख्य प्रश्न बार कौन्सिल मालक आहे का, हा होता. एखाद्या सिनिअरचे कार्यालय हे कामाचे ठिकाण आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. मात्र दोन स्वतंत्र वकिलांमधला प्रकार, बार रूममधला प्रकार किंवा संघटनेच्या पदाधिकाऱ्याविरुद्धची तक्रार या दारातूनही आत जाईलच असे नाही. रिकामी जागा नेमकी इथे आहे.

इतर संघटनांचा अनुभव काय सांगतो?

केरळचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. मार्च २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रत्येक चित्रपट निर्मिती संस्थेने अंतर्गत समिती नेमावी, असे सांगितले. निर्माता हा मालक आहे, ही सोपी बाजू. पण कलाकारांच्या ‘अम्मा’ आणि तंत्रज्ञांच्या ‘फेफ्का’सारख्या संघटना मालक नाहीत. त्यांनी मिळून संयुक्त समिती नेमण्याच्या दृष्टीने पावले उचलावीत, असे न्यायालयाने सुचवले.

संघटनेने वेळीच हे मनावर घेतले नाही तर काय होते, तेही केरळने दाखवले. न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला सादर झाला. तो प्रसिद्ध झाला १९ ऑगस्ट २०२४ रोजी. त्यानंतर आरोपांची मालिका सुरू झाली आणि २७ ऑगस्टला अध्यक्ष मोहनलाल यांच्यासह ‘अम्मा’च्या संपूर्ण कार्यकारिणीने राजीनामा दिला. सदस्यांचे भले पाहणारी संघटना सदस्य महिलांच्या तक्रारी ऐकायला कमी पडली तर तिची विश्वासार्हता आठवडाभरात जाऊ शकते, हा त्याचा धडा. वकील संघटनांनी तो दुरून पाहण्याचा विषय मानू नये.

प्रश्न फक्त लैंगिक छळापुरता आहे का?

नाही. सुरक्षितता, स्वास्थ्य आणि समावेशन हे तीन विषय वेगळे दिसतात, पण जमिनीवर ते एकमेकांत गुंतलेले असतात. ज्युनिअरला पैसे मिळत नसतील तर ती सिनिअरवर अधिक अवलंबून असते. अवलंबून असलेली व्यक्ती तक्रार करत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन देण्याची शिफारस केली. ती बंधनकारक नाही. तालुक्यात अनेक सिनिअरांचेच उत्पन्न अनियमित असते, हेही खरे. पण निदान जे ठरेल ते लेखी ठरावे, एवढी अपेक्षा संघटना नक्कीच करू शकते.

सोयींचा मुद्दा असाच. सप्टेंबर २०२१ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी दिलेल्या माहितीनुसार देशातील सुमारे सहा हजार कनिष्ठ न्यायालयांपैकी जवळपास २२ टक्के ठिकाणी महिलांसाठी वेगळे स्वच्छतागृह नव्हते. महिला वकिलांचे प्रमाण १५ टक्के, राज्य बार कौन्सिलांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींत मात्र दोनच टक्के, असेही त्यांनी सांगितले होते. १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक न्यायालयाच्या आवारात पुरुष, महिला, अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहांची सोय करण्याचे आदेश दिले.

प्रवेशाच्या दारावरचा अडथळा ३० जुलै २०२४ च्या निकालाने कमी झाला. सनद घेण्यासाठी कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा, जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. जादा शुल्काचा सर्वाधिक फटका वंचित घटकांना बसतो, हे त्यामागचे एक कारण होते. प्रतिनिधित्वाच्या बाबतीत मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखण्याचे आदेश झाले. डिसेंबर २०२५ मध्ये, ज्या राज्यांत निवडणूक प्रक्रिया सुरू झाली नव्हती तिथल्या बार कौन्सिलांत महिलांना ३० टक्के स्थान देण्याचे निर्देश देण्यात आले. शिस्तपालन समितीत महिला दिसायच्या असतील तर आधी त्या कौन्सिलमध्ये असाव्या लागतात, म्हणून हा मुद्दा तक्रार निवारणाशी थेट जोडलेला आहे.

सुरक्षिततेची आणखी एक बाजू पुरुष वकिलांनाही तितकीच लागू आहे. जानेवारी २०२४ मध्ये राहुरी येथे वकील दांपत्याची हत्या झाली आणि राज्यात वकील संरक्षण कायद्याची मागणी जोर धरू लागली. राजस्थान आणि कर्नाटकने असे कायदे २०२३ मध्ये केले आहेत. बाहेरच्या हल्ल्यापासून संरक्षण मागताना आतल्या छळाबद्दल गप्प राहणे संघटनांना शोभणारे नाही.

तालुक्याच्या संघटनेचे धोरण कसे असावे?

पहिली गोष्ट, समिती तालुक्याची नको, जिल्ह्याची हवी. जिल्ह्यातील सर्व वकील संघटनांनी मिळून एक संयुक्त समिती नेमावी. तिची अध्यक्ष महिला असावी, निम्म्या सदस्य महिला असाव्यात आणि एक तरी सदस्य वकिलीच्या बाहेरची असावी. राधानगरीची तक्रार राधानगरीतला कुणी ऐकणार नाही, हा नियम लेखी असावा. केरळच्या संयुक्त समितीची कल्पना आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विनियमांतील ‘जागा’ ही कसोटी, या दोन्हींची सांगड इथे घालता येते.

दुसरे, समितीला अधिकार कुठून येणार? संघटनेच्या घटनेतून. सदस्यत्व हा करार आहे. सदस्य होताना आचारसंहिता मान्य केली तर ती मोडल्यावर सदस्यत्व स्थगित करणे, बार रूम आणि ग्रंथालयाची सोय काढून घेणे, पदासाठी उभे राहण्यास मनाई करणे हे संघटनेच्या हातात राहते. त्यासाठी सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती पुरते. संसदेची वाट पाहावी लागत नाही. गंभीर प्रकरणात समितीचा अहवाल राज्य बार कौन्सिलकडे कलम ३५ खाली पाठवता येतो. कोरा अर्ज जाण्याऐवजी चौकशीचा अहवाल गेला तर तिथले कामही लवकर होते.

तिसरे, तक्रारदाराचे काम बुडता कामा नये. चौकशीच्या काळात ज्युनिअरला दुसऱ्या कार्यालयात बसता यावे आणि तिच्या हातातल्या प्रकरणांची सोय लावावी, याची जबाबदारी संघटनेने घ्यावी. तक्रार केली म्हणून वकिलीच संपली, ही भीती जाईपर्यंत कुणी अर्ज करणार नाही.

चौथे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही बाजू मांडण्याची पूर्ण संधी, तक्रारीची प्रत आणि अपिलाची सोय हवी. लहान गावात नाव एकदा खराब झाले की ते परत मिळत नाही. त्यामुळे गोपनीयता दोन्ही बाजूंसाठी आहे. धोरण सर्वांना मान्य व्हायचे तर ते न्याय्य दिसलेही पाहिजे. वकिलांना हे वेगळे सांगायची गरज नाही.

पाचवे, धोरणात फक्त स्त्री-पुरुष एवढाच विचार नसावा. पॉश कायदा महिलांपुरता आहे, संघटनेची आचारसंहिता तशी असण्याचे कारण नाही. अपंग वकिलाला पहिल्या मजल्यावरच्या न्यायकक्षात पोहोचता येते का, जातीवरून टोमणे मारले जातात का, तृतीयपंथी वकिलाला सन्मानाने संबोधले जाते का, हे प्रश्नही त्यात आले पाहिजेत.

पुढे काय?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे इथे चालतात. चार दशकांहून अधिक काळ वकील संघटनांनी त्यासाठी लढा दिला. संघटना ठरवते तेव्हा काय करू शकते, याचा हा ताजा पुरावा. बेंचमुळे तालुक्यातील तरुण वकील, विशेषतः ज्यांना मुंबईला जाऊन राहणे परवडत नव्हते अशा मुली, उच्च न्यायालयाचे काम करू लागण्याची शक्यता वाढली आहे. नव्या सिनिअर-ज्युनिअर जोड्या तयार होतील, नवी कार्यालये उघडतील. नियम करायचे तर ते आताच, सवयी पडण्याआधी करणे सोपे.

करवीर संस्थानाने १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. अस्पृश्य समाजातील तरुणांना शाहू महाराजांनी वकिलीच्या सनदा दिल्या आणि १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यांच्या कन्येचे नाव धारण करणाऱ्या राधानगरीत आणि एकूण कोल्हापूर जिल्ह्यात वकील संघटनांनी या विषयात पहिले पाऊल टाकले तर ते इथल्या परंपरेला धरूनच होईल.

सर्वोच्च न्यायालय पॉश कायद्याचा अर्थ काय लावते, त्यावर बार कौन्सिलची कायदेशीर जबाबदारी ठरेल. संघटनांची जबाबदारी मात्र त्या निकालावर अवलंबून नाही. कायदा मालकाला शोधतो आणि वकिलीत मालक सापडत नाही. अशा वेळी सदस्यांनी वर्गणी भरून उभी केलेली संघटनाच मधली जागा भरून काढू शकते. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय आला, तरी सुरुवात होईल.